संघटनेची पिशवी: तालुक्यातल्या होमिओपॅथी संघटनेचं मागचं काम कसं सांभाळावं

संघटना माझ्याकडे आली ती एका पिशवीतून. लग्नाच्या बस्त्याला दुकानदार देतो तसली जाड पिशवी, एक बंद तुटलेला. आत तीन पावतीपुस्तकं, रबरी शिक्का, वाळून कोरडं झालेलं स्टॅम्प पॅड, दोन पासबुकं, प्रोसिडिंगचं म्हणजे सभेच्या कामकाजाचं रजिस्टर आणि होमिओपॅथीचे जनक हॅनेमन यांच्या जयंतीच्या बॅनरची गुंडाळी. आधीचे सचिव यवतमाळला राहायला चालले होते. "ताई, हे आता तुमच्याचपाशी राहू द्या. डॉक्टर लोकाईले पेशंटातून फुरसत नसते," एवढं बोलून ते गेले.

मी डॉक्टर नाही. दवाखान्यात कंपाउंडर आहे. केसपेपर काढते, बाटल्या भरते, पुड्या बांधते. आमचे साहेब सचिव झाले म्हणून पिशवी माझ्या टेबलाखाली आली आणि तिथंच राहिली. सचिव त्यानंतर तीन बदलले.

आमच्यासारख्या तालुक्याच्या संघटनेला ना पगारी माणूस असतो, ना स्वतःचं ऑफिस. काम करतात ते कंपाउंडर, एखाद्या डॉक्टरांच्या घरच्या बाई, "तू तरुण आहेस" म्हणून सहसचिव केलेला नवा डॉक्टर, नाहीतर हिशेबाची आवड असलेले निवृत्त मास्तर. हा लेख त्यांच्यासाठी. औषधाचा गुण येतो की नाही हा वाद जाणकारांनी घालावा, मी कागद, पैसा, मंडप आणि गाडी यांबद्दल लिहिते.

आधी पिशवी उलटी करा

पहिल्या मोकळ्या दुपारी सतरंजी अंथरून सगळं बाहेर काढा. पाच कागद शोधायचे आहेत. सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० खालचं नोंदणी प्रमाणपत्र. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचं प्रमाणपत्र, ज्यावर 'एफ' पासून सुरू होणारा क्रमांक असतो. घटना व नियमावलीची शिक्का असलेली प्रत. संघटनेच्या नावाचं पॅन कार्ड. आणि 'परिशिष्ट एक'चा उतारा, ज्यात सरकारदरबारी आपले पदाधिकारी कोण आहेत ते लिहिलेलं असतं.

पहिली दोन प्रमाणपत्रं एकच आहेत असं समजून बरेच जण एकच जपतात. ती दोन वेगळी आहेत आणि बँकेत दोन्ही मागतात. काही हरवलं असेल तर जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नकलेचा अर्ज करा. नक्कल मिळेपर्यंत दोन-तीन चकरा धरूनच चाला, आणि जाताना नोंदणी क्रमांक तोंडपाठ ठेवा. नुसत्या नावावरून फाईल शोधायला सांगितली की तिथला बाबू चष्म्यावरून बघतो.

आता उताऱ्यावरची नावं आणि आजची कार्यकारिणी शेजारी ठेवून वाचा. आमची घामाची वेळ इथं आली. उताऱ्यावर दोन कार्यकारिण्यांपूर्वीची नावं होती, त्यातले एक डॉक्टर वारलेले. मधल्या दोन्ही निवडणुका झाल्या, हार-तुरे झाले, पेपरात बातमी आली. बदल अर्ज मात्र कोणी दाखलच केला नाही. खात्यावर सही करणारे जुनेच. बँकेनं नव्या सह्या घ्यायला नकार दिला, आणि बँकेचं चुकलं नव्हतं. जवळजवळ वर्षभर संघटनेचे पैसे खात्यात होते आणि चहाचं बिल साहेबांच्या खिशातून जात होतं.

बदल अर्ज: नव्वद दिवस

पदाधिकारी बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. नमुना 'परिशिष्ट तीन'चा. वकील करतात हे काम, पण वकिलाला लागणारे कागद आपणच द्यायचे असतात, आणि ते निवडणुकीच्या दिवशीच गोळा झाले तर झाले. नंतर एकेक सही आणायला राळेगाव ते झरी फिरावं लागतं.

म्हणून निवडणुकीच्या सभेला जाताना फाईल तयार न्या. सभेची सूचना आणि ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा (आम्ही सूचनेच्या यादीवरच सही घेतो, दूरच्यांना रजिस्टर पोस्ट). हजेरी. निवडणुकीचा ठराव. निवडून आलेल्या प्रत्येकाचं संमतीपत्र, ओळखपत्राची प्रत आणि पत्ता. जाणाऱ्या पदाधिकाऱ्यांचं "आमची हरकत नाही" असं लेखी. हे शेवटचं सगळ्यात नाजूक. हरलेला माणूस चार दिवसांनी सही देईल का, हे विचारण्यापेक्षा जेवणाच्या ताटावर बसायच्या आधी सही घ्यावी. बुंदी वाढून झाल्यावर डॉक्टर लोक गाडीला किक मारतात.

उशीर झालाच असेल तर बदल अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि उशिराचं कारण खरं लिहावं लागतं. आमचं कारण वकिलाला सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "बाई, अर्ध्या तालुक्याच्या संस्थांचं हेच कारण हाय."

सभासदांचं रजिस्टर

पन्नास पानी वही नको, लेजर घ्या. रकाने असे: नाव, महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेचा नोंदणी क्रमांक, नूतनीकरणाची मुदत, पदवी, दवाखान्याचं गाव, मोबाईल, वर्गणी. नूतनीकरणाची तारीख लाल पेनानं. मुदत संपल्याचं डॉक्टरांना बहुधा तेव्हाच कळतं जेव्हा कोणी तपासणीला येतं. मी दर तिमाहीला रजिस्टर चाळून ज्यांची मुदत जवळ आली त्यांना फोन करते. या एका फोनमुळे वर्गणी आपोआप वसूल होते, हा माझा अनुभव.

बाई डॉक्टरांच्या नावाकडे नीट बघा. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरचं, दवाखान्याची पाटी तिसऱ्याच नावाची. परिषदेत जे नाव आहे तेच रजिस्टरात लिहा, बाकीची कंसात.

नवा सभासद घेताना मूळ नोंदणी प्रमाणपत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय पावती फाडायची नाही. झेरॉक्स चालत नाही. 'इलेक्ट्रो-होमिओपॅथी'ची पदविका घेऊन येणारे आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी असतात. नावात होमिओपॅथी असली तरी ती वेगळी पद्धत आहे आणि परिषदेच्या नोंदणीत ती पदविका बसत नाही. माणूस भला असतो, गावात चालत असतो, कधी कोणाचा पाहुणाही असतो. नम्रपणे नाही म्हणायचं आणि नाही म्हटल्याची नोंद कार्यकारिणीच्या प्रोसिडिंगात करायची.

एक रकाना अलीकडे वाढवला: आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला का. हा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहू देण्याचा मार्ग राज्यानं २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून काढला आणि तेव्हापासून अ‍ॅलोपॅथीच्या संघटना आणि होमिओपॅथीच्या संघटना यांच्यात त्यावरून कोर्टकज्जे आणि संप चालू आहेत. ग्रुपवर रोज काहीतरी येतं. मागच्या माणसाचं काम एवढंच: सही-शिक्क्याचा आदेश हातात असेल तर तो जसाच्या तसा टाकायचा, "कळले असे की" छापाचं काही पुढं ढकलायचं नाही. एका अफवेवर दोन डॉक्टरांनी दवाखान्याचे बोर्ड बदलून आणले होते. परत बदलायचा खर्च त्यांनी माझ्याकडे मागितला, गमतीत म्हणा.

पैसा

वर्गणीचा क्यूआर कोड संघटनेच्या खात्याचा असावा, कोषाध्यक्षाच्या मोबाईलचा नाही. कोषाध्यक्ष कितीही देवमाणूस असो. रोख आली तर त्याच आठवड्यात खात्यात भरा. प्रत्येक खर्चाला व्हाउचर: मंडपवाल्याचं, साउंडवाल्याचं, बिसलेरीच्या कॅनचंसुद्धा. ज्यांच्याकडे छापील बिल नसतं त्यांच्यासाठी कोरी व्हाउचरं घेऊनच जायचं आणि सही तिथंच.

वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. हिशेब तपासणी सप्टेंबरअखेर व्हायला हवी. ऑडिटर तीन कागद करतो: परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च, आणि नऊ-क म्हणजे धर्मादाय कार्यालयाला द्यायच्या अंशदानाचं विवरण. ते कागद आपल्याला वाचता येत नसले तरी एक गोष्ट बघता येते: ताळेबंदातली बँकेची शिल्लक आणि पासबुकातली ३१ मार्चची शिल्लक जुळते का. जुळली नाही तर सही करायला नेऊ नका.

औषध कंपनीच्या माणसाकडून कार्यक्रमाला मदत घेतली तर ती चेकनं, खात्यात, आणि ठरावानं. बॅनर, पेन आणि पाण्याच्या बाटल्यांत वाटून घेतली की हिशेबात काहीच राहत नाही आणि मनात मात्र सगळ्यांच्या राहतं.

सभा कधी ठेवायची

बाजाराच्या दिवशी नाही. ज्या गावचा बाजार त्या गावच्या डॉक्टरांची त्या दिवशी सगळ्यात मोठी ओपीडी. तालुक्यात बाजार सात गावचे सात दिवस, तेव्हा मी भिंतीवर कॅलेंडर टांगून त्यावर बाजार लिहून ठेवले आहेत आणि त्यातून सर्वात कमी डॉक्टर अडतील तो दिवस काढते. रात्रीची सभा शहरात चालते. आमच्याकडे तीस किलोमीटरवरून मोटरसायकलनं येणाऱ्याला रात्री रानडुक्कर आडवं येतं. दुपारी एक ते चार, दोन ओपीडींच्या मधे, हाच वेळ. मृगाच्या पेरण्या, पोळा आणि तान्हा पोळा, सोयाबीन काढणी आणि लग्नाच्या दाट तिथी सोडून द्या. उरतं ते थोडंच असतं.

प्रोसिडिंग सभेतच लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेलं प्रोसिडिंग मोठं सुंदर होतं आणि खोटं होतं. विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, मंजूर की नामंजूर, बस. भांडण झालं तर भांडणाचा शब्दन् शब्द लिहायचा नाही, "चर्चा झाली" लिहायचं आणि निर्णय नीट लिहायचा. मधे कोरी पानं सोडायची नाहीत. गणपूर्ती भरली नाही तर सभा तहकूब करून पुन्हा किती वेळानं घ्यायची हे आपल्या घटनेत लिहिलेलं असतं, ते कलम पिवळ्या पेनानं रंगवून ठेवा. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "काहून गा, कोरम होता का?"

व्याख्यान

पाहुणे नागपूर किंवा अमरावतीहून येतात. त्यांना निघायच्या आदल्या दिवशी फोन करा, आणि त्यांच्या ड्रायव्हरचाही नंबर घ्या. प्रेझेंटेशन पेनड्राइव्हवर आधीच मागवा. लाईट जाणार हे गृहीत धरा: इन्व्हर्टर प्रोजेक्टर ओढतो का हे सभागृहवाल्याला विचारू नका, सकाळी मेन स्विच बंद करून बघा. हजेरीपट एकच, सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन सह्यांचा. प्रमाणपत्र शेवटच्या सहीवरच. यावरून मला खडूस म्हणतात. जेवण पहिल्या चर्चासत्रानंतर ठेवलं तर दुसरं चर्चासत्र पाहुणे आणि मी असे दोघंच ऐकतो.

शिबिर

इथं मागच्या माणसाची खरी परीक्षा. सभा बाजाराच्या दिवशी नको म्हटलं, शिबिर मात्र बाजाराच्या गावी बाजाराच्या दिवशीच घ्या, सकाळी. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया आठला वावरात असतात. बाकी कुठल्याच दिवशी त्या दवाखान्याचं तोंड बघत नाहीत.

पंधरा दिवस आधी: ग्रामपंचायतीला पत्र, शाळेची खोली घ्यायची तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना माहितीचं पत्र, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना निमंत्रण. भोंगा लावायचा तर पोलीस ठाण्याची परवानगी. आशाताईंना स्वतः जाऊन भेटा, गावात कोणाला खरंच डॉक्टर लागतो ते त्यांनाच माहीत. कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) शिबिर असेल तर कोलामी बोलणारं माणूस नोंदणीच्या टेबलावर बसवा. नाहीतर "काय होते?" या प्रश्नाला म्हातारी मान हलवते आणि डॉक्टर लिहितात 'काही तक्रार नाही'.

बॅनर छापायला देण्याआधी मजकूर मला दाखवा, असा आमच्याकडे नियमच केला आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मध्ये रोगांची यादी आहे, आणि त्या रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करता येत नाही. त्यात कर्करोग, मधुमेह, फिट, लकवा, क्षय आणि पांढरे डागही आहेत. होमिओपॅथीच्या बॅनरवर 'पांढरे डाग' हमखास असतात. आम्ही फक्त 'मोफत तपासणी व सल्ला, होमिओपॅथी' एवढंच लिहितो. गर्दी कमी होत नाही.

औषधाची तयारी आदल्या दिवशी. तीस आणि चाळीस नंबरच्या (आकाराच्या) साखरेच्या गोळ्या वेगळ्या डब्यांत, झाकण घट्ट, डब्याखाली पाण्याची ताटली, नाहीतर मुंग्या आपल्याआधी शिबिराला पोचतात. बाटल्या आम्ही एक ड्रॅमच्याच नेतो (एक ड्रॅम म्हणजे साधारण साडेतीन मिली). मोठ्या बाटल्या दिल्या की शेजारचंही घर त्यातलंच औषध घेतं. बाटलीवर कोरी चिठ्ठी आधीच चिकटवलेली असावी, शिबिरात डिंक लावायला वेळ नसतो. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक, तारीख, डॉक्टरांची आद्याक्षरं. व्यापाऱ्याकडून अर्क घेताना बाटलीचं माप बघा: १२ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथिक औषध ३० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही, दवाखान्याला दिलं तरी १०० मिलीपर्यंत. आणि हा अल्कोहोल पेटतो. चहाचा स्टोव्ह औषधाच्या टेबलापासून दूर, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला. उन्हाळ्यात खोका गाडीच्या डिकीत ठेवून कोणाच्या घरी जेवायला बसू नका. पारा पंचेचाळीसला गेला की बंद गाडीत ड्रॉपरची रबरं मऊ पडतात आणि बाटल्या रिकाम्या निघतात.

टेबलांची रांग: नोंदणी, वजन व रक्तदाब, डॉक्टर, औषध, आणि सगळ्यात शेवटी एक टेबल ज्याला आम्ही 'पुढचं टेबल' म्हणतो. हे पाचवं टेबल बहुतेक संघटना ठेवत नाहीत. माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. तिथं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आणि सेवाग्रामच्या रुग्णालयाचा पत्ता, ओपीडीचे दिवस आणि बसची वेळ लिहिलेली चिठ्ठी असते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासायला पाठवायचं. क्षयरुग्णाची सरकारला नोंद देणं खाजगी डॉक्टरांवरही २०१२ पासून बंधनकारक आहे, ते काम करायचं राहिलं की नाही हे हे टेबल बघतं. वारंवार अंगदुखी, रक्त कमी, घरात आणखी कोणाला तसंच, अशी मुलं आली की सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीची चिठ्ठी. साप चावलेला, फवारणीनं चक्कर आलेला, छातीत कळ आलेला माणूस शिबिरात आला तर गोळी नाही, केसपेपर नाही, १०८ ला फोन. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या शिबिरात आम्ही या टेबलावर अनुभवी डॉक्टर बसवतो, नवखा नाही.

रक्तातली साखर बघितली तर टोचणीची सुई पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ चे आहेत आणि आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) दवाखान्यांनाही लागू आहेत. शाळेच्या आवारात सुई सापडली तर पुढच्या वर्षी खोली मिळत नाही, हे वेगळंच.

फोटो पेशंटच्या तोंडाचे घेऊ नका. पाठमोरी रांग घ्या. आमच्या एका शिबिराच्या बातमीत म्हातारीचं तोंड आणि तिचा रोग एकत्र छापला गेला होता. तिच्या मुलानं येऊन विचारलं, तेव्हा अध्यक्ष गावात नव्हते. मीच होते.

शिबिर संपलं की त्याच दिवशी मोजदाद: किती आले, कोणाला पुढं पाठवलं, किती बाटल्या उरल्या. पुढं पाठवलेल्यांना आठ दिवसांनी आशाताईंमार्फत विचारा, गेले का. निम्मे गेलेले नसतात. पैसे, सोबत, बस, काहीतरी आडवं येतं. ही यादी मी कार्यकारिणीपुढं ठेवते. हारांच्या खर्चातून दोघा-तिघांचं बसभाडं निघतं, हे एकदा हिशेबात दाखवलं तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांना एकच हार असतो.

दहा एप्रिल

हॅनेमनचा जन्म १० एप्रिल १७५५ चा, त्यामुळे जयंती उन्हाच्या तोंडावरच येते. सकाळी साडेसातला सुरू, साडेनऊला संपवा. तसबीर आदल्या रात्री पुसून ठेवा, काच तडकलेली असते हे नेहमी सकाळीच कळतं. बाकी सगळं अध्यक्ष करतात.

पिशवी दुसऱ्याला देताना

एक वही करा, कागदांची यादी आणि प्रत्येक कागद कुठं आहे ते. पासवर्ड वहीत नाही, बंद पाकिटात. वकील, ऑडिटर, मंडपवाला, प्रेसवाला, जेवणवाले, प्रोजेक्टरवाला पोरगा यांचे नंबर, आणि प्रत्येकासमोर एक ओळ: कोणाला आगाऊ द्यावे लागतात, कोण उशिरा येतो, कोणाची उधारी राहिली आहे. सगळे मूळ कागद स्कॅन करून संघटनेच्या मेलवर. कोणाच्या खाजगी मेलवर नाही. नव्या माणसाला घेऊन एकदा धर्मादाय कार्यालयात जाऊन या आणि तिथल्या बाबूंशी त्याची ओळख करून द्या. ही ओळख कुठल्याही वहीत लिहून देता येत नाही.

कपाटाच्या किल्ल्या दोन करा. आमची दुसरी किल्ली सुतळीनं बांधून तुळशीच्या कुंडीमागं असते, आणि हे मी आत्ता लिहिल्यामुळे उद्या ती जागा बदलावी लागेल.